विल्सनकाकांचे फूल

श्रावणाची झड लागली होती, शाळांना पावसाची सुट्टी मिळाली होती आणि यवतेश्वराचा डोंगर सकाळपासून ढगातून बाहेर आलेला नव्हता. साताऱ्याच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घरात माझा मुलगा आणि त्याचे मित्र टीव्हीसमोर दाटीवाटीने बसून १९९३ सालचा ‘डेनिस द मेनेस’ हा चित्रपट पाहत होते. शेजारचे नाना अळूची पाने द्यायला म्हणून आले आणि पावसाचा जोर वाढल्यामुळे खुर्चीत टेकले. पडद्यावर रात्रीची बाग होती, खुर्च्या मांडून नटूनथटून बसलेली मंडळी होती, आणि विल्सनकाकांनी चाळीस वर्षे जपलेल्या रोपावरची एकुलती एक कळी उमलण्याच्या बेतात होती. नेमक्या त्या क्षणी पाच वर्षांचा डेनिस घरातून धावत येतो, तुमच्याकडे चोरी झाली म्हणून ओरडतो, सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळतात, आणि त्या पुन्हा जागेवर येईपर्यंत फूल उमलून कोमेजूनही गेलेले असते. विल्सनकाकांचा चेहरा पाहून मुले अक्षरशः लोळली. नानांनी मला विचारले, “किती वर्षं म्हणाले? चाळीस का?” मी हो म्हणाले. “मग ते फूल कुणीच नाही बघितलं?” मी पुन्हा हो म्हणाले. नानांनी उरलेला चहा तसाच ठेवला, छत्री उचलली आणि पाऊस थांबायची वाट न पाहता ते निघून गेले.

नानांना चित्रपट आवडला नसेल, इतका साधा अर्थ मी त्या वेळी काढला. पण त्यांचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. हा चित्रपट मी कॉलेजात असताना केबलवर पाहिला होता, त्यानंतरही तुकड्यातुकड्यांनी कितीतरी वेळा पाहिला असेल, आणि प्रत्येक वेळी त्या फुलाच्या प्रसंगाला मी हसलेच होते. फूल कुणीच पाहिले नाही, ही गोष्ट मला माहीत होती; ती गोष्ट म्हणजे कुणाचे तरी नुकसान आहे, हे मात्र कधी मनाला शिवले नव्हते. विनोदी चित्रपटातले नुकसान आपण नुकसान म्हणून मोजतच नाही. केळीच्या सालीवरून घसरलेल्या माणसाचे हाड मोडले का, हे कोण विचारते? नानांनी ते विचारले होते.

मुलांची दप्तरे आणि ओले मोजे आवरून झाल्यावर रात्री मी तो चित्रपट एकटीने पुन्हा लावला.

पहिला अर्धा भाग अजूनही फार गोड आहे. झाडांनी भरलेली अमेरिकन गल्ली, लाकडी कुंपणे, सायकलीमागे बांधलेली डेनिसची खडखडणारी गाडी. ती गाडी येताना दिसली की विल्सनकाका झालेला वॉल्टर मॅथाऊ ज्या घाईने अंथरुणात शिरून झोपेचे सोंग घेतो, त्या घाईतच अख्ख्या माणसाची ओळख होते. मॅथाऊचा चेहरा हा या चित्रपटाचा सर्वांत मोठा ऐवज आहे. गालांच्या वळ्या, ओघळलेल्या पापण्या, जगाने आपल्याला एकटे सोडावे एवढीच माफक अपेक्षा. डेनिसला वाटते, काका उठत नाहीत म्हणजे ते आजारी असणार; म्हणून तो काळजीपोटी अ‍ॅस्पिरिनची गोळी गलोलीत घालून त्यांच्या उघड्या तोंडात नेम धरून मारतो. पुढे त्यांच्या कवळीचे समोरचे दोन दात हरवतात तेव्हा डेनिस त्या जागी च्युइंगगमच्या पांढऱ्या गोळ्या बसवतो, आणि विल्सनकाका वृत्तपत्राच्या छायाचित्रकारासमोर प्रसन्नपणे हसतात. गुळण्या करायचे औषध त्याच्या हातून सांडते, तर तो बाटली रिकामी ठेवत नाही. न्हाणीघरात जे द्रव हाताशी लागते ते भरून ठेवतो. सांडलेला रंग पुसायला जावे, तर तो शेजारच्या शेगडीवरच्या कोंबडीच्या तुकड्यावर जाऊन पडतो. एकेक प्रसंग नीट पाहिला की ध्यानात येते, हा मुलगा खोडकर नाहीच. तो मदत करत असतो. विल्सनकाकांच्या आयुष्यातले प्रत्येक संकट डेनिसच्या चांगुलपणातून जन्माला आलेले आहे, आणि म्हणूनच त्यांना त्याच्यावर धड रागावताही येत नाही.

हा स्वभाव चित्रपटाने निर्माण केलेला नाही, तो मूळ चित्रकथेतून आलेला आहे. हँक केचम या व्यंगचित्रकाराच्या घरी १९५० च्या ऑक्टोबरात त्यांच्या चार वर्षांच्या मुलाने, डेनिसने, दुपारी झोपायचे सोडून खोलीचा पार उकिरडा केला. त्याची आई अ‍ॅलिस वैतागून नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, तुमचा मुलगा म्हणजे एक उपद्रव, ‘मेनेस’ आहे. केचमनी ते वाक्य उचलले आणि १२ मार्च १९५१ रोजी अमेरिकेतल्या सोळा वृत्तपत्रांत त्यांची चौकट सुरू झाली. गंमत म्हणजे त्याच दिवशी ब्रिटनमध्ये ‘द बीनो’ या मुलांच्या साप्ताहिकाचा जो अंक बाजारात आला, त्यातही याच नावाचा एक मुलगा पहिल्यांदा अवतरला. दोघांना एकमेकांचा पत्ताही नव्हता. ब्रिटिश डेनिस काळ्या केसांचा आणि मुद्दाम त्रास देणारा. अमेरिकन डेनिस सोनेरी केसांचा आणि मदतीला धावणारा. नावांचा गोंधळ नको म्हणून हा चित्रपट ब्रिटनमध्ये नुसत्या ‘डेनिस’ या नावाने लागला.

केचम यांचे काम रोजचे एका चौकटीचे. एक चित्र आणि खाली एक ओळ. चौकटीच्या आत वादळ होऊन गेलेले असते किंवा होणार असते, विल्सनकाकांच्या हातातले वर्तमानपत्र थरथरत असते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे पुन्हा जागच्या जागी. काल फुटलेली काच आज शाबूत. डेनिस कायम साडेपाच वर्षांचा, विल्सनकाका कायम निवृत्त पोस्टमन. वर्तमानपत्रातल्या चित्रकथेची हीच खरी जादू असावी, की तिला कालची आठवण नसते. रुसवा दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही, त्यामुळे माफी मागण्याची वेळही कुणावर येत नाही.

आपल्याकडच्या वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही, कारण आपण चिंटूबरोबर वाढलो आहोत. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू १९९१ च्या नोव्हेंबरात ‘सकाळ’मध्ये सुरू झाला, तेव्हा आमच्या घरी पेपर आला की पहिल्यांदा कोण उघडणार यावरून माझी आणि माझ्या धाकट्या भावाची मारामारी होत असे. वडील म्हणत, अरे, आधी मला मथळे तरी पाहू द्या. शेवटी आई पेपर ताब्यात घेई आणि चिंटू मोठ्याने वाचून दाखवी. तीन-चार चौकटी वाचायला कितीसा वेळ लागतो, पण तेवढ्यात उतू गेलेल्या दुधाचा वास मला अजून आठवतो. त्या चित्रकथेतही एक विल्सन होतेच. जोशीकाकू. चेंडू त्यांच्याकडे जायचा, त्या ओरडायच्या, आणि उद्या पुन्हा त्यांच्याच घराजवळ खेळ मांडलेला असायचा. जोशीकाकूंनी ते घर सोडावे, निदान जाळी तरी बसवून घ्यावी, असे आम्हांला कधी वाटले नाही. त्या गेल्या असत्या तर चिंटूचे काय झाले असते?

चिंटूवरही २०१२ साली चित्रपट आला आणि तो पाहताना मला डेनिसच्या चित्रपटाची अडचण पहिल्यांदा नीट उमगली होती. तीन चौकटींतली माणसे दोन तास चालवायची, तर त्यांना काहीतरी घडावे लागते. रोजच्या कटकटीला कथा म्हणता येत नाही, म्हणून मग बाहेरून एक दुष्ट माणूस आणावा लागतो. चिंटूच्या टोळीपुढे खेळायची जागा बळकावणारा दादा उभा राहिला. डेनिसच्या गावात मालगाडीतून एक चोर उतरला. चित्रपटाचे लेखक आणि निर्माते जॉन ह्यूज यांनी तीनच वर्षांपूर्वी ‘होम अलोन’ लिहिला होता, आणि एका लहान मुलाने चोराची उडवलेली त्रेधा लोक किती आनंदाने पाहतात हे त्यांना पक्के ठाऊक होते. दिग्दर्शन निक कॅसल यांचे असले तरी उत्तरार्धातला प्रत्येक चटका आणि टोला ह्यूज यांच्या हातचा वाटतो. क्रिस्टोफर लॉइडने तो चोर भयानक किळसवाणा रंगवला आहे, किडक्या दातांपासून सफरचंद कापायच्या चाकूपर्यंत. मुले त्याला घाबरतात आणि मग त्याच्या हालांवर खदखदून हसतात. मला मात्र तो संपूर्ण भाग उसना वाटतो. चोर येतो आणि विल्सनकाका मागे पडतात, आणि या चित्रपटात विल्सनकाका मागे पडले की उरते काय?

हे सगळे लिहिताना मी माझ्या भावाला टाळते आहे, तेव्हा आता त्याच्याकडे वळायला हवे.

आमच्या आळीचा डेनिस तोच होता. नाना तेव्हा पाटबंधारे खात्यात नोकरीला होते आणि उरलेला सगळा वेळ त्यांच्या परसात असत. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याची ती जागा, काळ्या दगडांचे गडगे, पावसाळ्यात त्यांवर मखमली शेवाळ. त्या एवढ्याशा परसात नानांनी जास्वंद, अनंत, सोनटक्का, आंबेहळद आणि गुलाब असे सगळे बसवले होते. भाऊ सकाळी उठला की दात न घासताच गडगा ओलांडून तिकडे. नाना दाराची कडी लावून घेत. कडी लागली की तो खिडकीशी उभा राहून, नाना, तुम्ही उठलात का, असे उठेपर्यंत विचारत राही. काकू हसू दाबत कडी काढत. एकदा नानांनी पुण्याहून चांगल्या गुलाबाच्या काड्या मागवल्या आणि रानगुलाबाच्या खुंटांवर त्यांचे डोळे भरले. खुंटाच्या सालीला धारदार चाकूने इंग्रजी टी आकाराची चीर द्यायची, साल हलक्या हाताने सोडवायची, आत डोळा सरकवायचा आणि वरखाली प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची, की मग दोन-तीन आठवडे तिकडे पाहायचेसुद्धा नाही. भाऊ शेजारी उकिडवा बसून सगळे पाहत होता. त्याच महिन्यात आमच्या आजोबांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते; डॉक्टरांनी पट्टी सोडल्यावर आजोबांना सगळे लख्ख दिसायला लागले होते, आणि घरात पेढे वाटले गेले होते. त्याने काय केले असेल, हे आता सांगायला नको. नाना कचेरीत गेल्यावर त्याने एकेका गुलाबाची पट्टी अगदी जपून सोडली, पट्ट्यांच्या घड्या घालून ओट्यावर ठेवल्या, आणि संध्याकाळी फाटकातच नानांना गाठून आनंदाने सांगितले की आता सगळ्यांना दिसतंय.

नाना त्याला काय बोलले ते मला ठाऊक नाही. मी गडग्याच्या अलीकडे होते आणि मला फक्त नानांचा चढलेला आवाज ऐकू आला, मग काकूंचा, मग फाटक आपटल्याचा. भाऊ घरी येऊन माळ्यावर जाऊन बसला आणि जेवायला खाली आला नाही. आईने नानांकडे जाऊन माफी मागितली. रात्री उशिरा काकू वाटीत शिरा घेऊन आल्या आणि त्याला माळ्यावरच भरवून गेल्या.

त्या रात्री चित्रपट पुन्हा पाहताना मी ज्या जागी थांबले, ती जागा फुलाची नव्हती, त्याच्या पुढची होती. फूल गेल्यावर विल्सनकाका सगळ्या पाहुण्यांदेखत डेनिसला सुनावतात. आवाज न चढवता, शब्द शब्द तोडून. चाळीस वर्षांचा हिशोब ते एका लहान मुलासमोर मांडतात आणि शेवटी सांगतात, मला तुझे तोंड पाहायचे नाही, मला तुझी ओळखही नको. इथे मॅथाऊ विनोदी नट राहत नाही. त्याच्या गालांच्या वळ्या तशाच असतात, पण त्यांच्यामागचा माणूस खरोखर मोडलेला दिसतो, आणि मेसन गँबल या चिमुरड्या नटाच्या चेहऱ्यावर काहीतरी विझते. मग डेनिस अंधारात सायकल घेऊन निघून जातो. पुढे कळते की चोरी खरोखरच झाली होती, मुलगा खरे बोलत होता, आणि विल्सनकाका पश्चात्तापाने त्याला शोधायला बाहेर पडतात.

इथे माझे चित्रपटाशी बिनसते. मुलगा हरवला तेव्हा म्हाताऱ्याला वाईट वाटायलाच हवे, त्याबद्दल वाद नाही. पण त्या पश्चात्तापात फूल साफ पुसले जाते. फुलाचे दुःख करणे म्हणजे मुलावर प्रेम नसणे, असा काहीसा हिशोब पटकथा गुपचूप मांडते, आणि आपण प्रेक्षक तो निमूटपणे मान्य करतो, कारण एका पारड्यात मूल आहे. मुलाच्या जिवापुढे रोपाची काय कथा! तरीही ती चाळीस वर्षे खोटी नव्हती. पाणी घालणे, सावली देणे, कुंडी आत-बाहेर करणे, आपल्या हयातीत हे फुलेल का अशी धास्ती बाळगणे, यांत एका माणसाचे सगळे वयातले आयुष्य गेले होते. विल्सन दांपत्याला मूल नाही, ही गोष्ट चित्रपट फार नाजूकपणे सांगतो. मार्था विल्सन डेनिसला झोपवताना तिच्या आईकडून ऐकलेली एक बालकविता म्हणते, जी ऐकायला तिच्या घरी आजवर कुणी नव्हते. जोन प्लोराइटने तो प्रसंग इतक्या कमी हालचालींत केला आहे की पुढचा सगळा धिंगाणा त्यापुढे फिका पडतो. मार्थाला जे त्या मुलात सापडते, ते तिच्या नवऱ्याने, जॉर्जने, इतकी वर्षे कुंडीत शोधले असावे. तसे असेल तर त्या रात्री त्यांनी एक नव्हे, दोन गोष्टी गमावल्या होत्या, आणि चित्रपटाने त्यांना एकीचेच सुतक पाळू दिले.

चाळीस वर्षांनी एकदा फुलून मरणारे फूल ही पटकथेने घडवलेली अतिशयोक्ती आहे असे मी धरून चालले होते. पण साताऱ्यात राहणाऱ्याने तरी असे म्हणू नये. कासच्या पठारावरची टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, आणि फुलते त्या वर्षी गाड्यांच्या रांगा लागतात. बांबूच्या कित्येक जाती काही दशकांनी एकदाच फुलतात आणि फुलून मरतात. मिझोरममधला मौताम, म्हणजे तिथल्या बांबूचा एकगठ्ठा फुलोरा, सुमारे अठ्ठेचाळीस वर्षांनी येतो. आणि आमच्या आळीत तर दर पावसाळ्यात हा सोहळा नानांच्याच ओट्यावर होतो, कारण त्यांच्याकडे ब्रह्मकमळ आहे. मेक्सिकोकडचा हा निवडुंग आपल्या घरांत असा काही रुळला आहे की त्याच्या पानापुढे उदबत्ती लावताना कुणाला काही वावगे वाटत नाही. पानाच्या कडेला फुटलेली कळी काही दिवस मान खाली घालून लोंबत असते. जिची पाळी आली, तिची मान संध्याकाळी वर उचललेली दिसते, बाहेरच्या गुलाबी पाकळ्या जराशा सैलावतात, आणि नाना आळीत निरोप धाडतात. नऊच्या सुमारास पहिली फट दिसते. आतले पांढरे पदर एकेक करून सुटत जातात, पण कुठला पदर कधी सुटला हे सांगता येत नाही. पाहता पाहता तो सुटलेलाच असतो. वास आधी पायरीपर्यंत येतो, मग रस्त्यावर. काकू सगळ्यांना मसाला दूध देतात. हल्ली लोक मोबाइलच्या पडद्यातून पाहतात आणि मध्येच कुणाच्या तरी फोनचा झगझगीत दिवा लागतो, तेव्हा नाना न बोलता हाताने त्याच्यावर सावली धरतात. सकाळी ते फूल ओल्या चिंधीगत लोंबत असते. नानांनी एवढे पाहिलेले आहे, दर वर्षी. त्यांनी त्या दिवशी माझ्याकडे खुर्चीत बसून चाळीसचा आकडा ऐकला, तेव्हा त्यांच्या मनात कसली गणिते झाली असतील, याचा मला आता थोडा अंदाज येतो.

मूळ डेनिसची गोष्ट तर चित्रपटापेक्षा फार वेगळ्या वाटेने गेली. अ‍ॅलिस केचम १९५९ साली वारली, तेव्हा मुलगा बारा वर्षांचा होता. वडिलांनी पुन्हा लग्न केले, घर स्वित्झर्लंडला नेले, मुलाला तिथली शाळा झेपली नाही आणि तो अमेरिकेतल्या निवासी शाळेत परतला. पुढे तो व्हिएतनामच्या युद्धात गेला, आणि बापलेकांत उरला तो दुरावाच. इकडे चौकट सुरूच होती. तिच्यात अ‍ॅलिस तरुण होती, डेनिस साडेपाच वर्षांचा होता, आणि जगभरच्या हजारेक वृत्तपत्रांतून रोज सकाळी तो कुणाच्या तरी मदतीला धावत होता. मुलाचे नाव वापरल्याची खंत केचमनी नंतर बोलून दाखवली. मॅथाऊ आणि केचम दोघेही १९२० सालचे. चित्रपट आला तेव्हा दोघेही सत्तरी ओलांडलेले, आणि पुढच्याच वर्षी केचमनी रोजची चौकट सहकाऱ्यांच्या हाती सोपवली. विल्सनकाकांची भूमिका करणाऱ्या नटाला आणि त्यांना कागदावर जन्म देणाऱ्या चित्रकाराला म्हातारपण एकाच वेळी कळत होते, हा विचार मनात आल्यापासून मला त्या चित्रपटातला मॅथाऊचा थकवा अभिनय वाटेनासा झाला आहे.

शेवटच्या प्रसंगात डेनिस परत आलेला आहे, चोर पकडला गेला आहे, सोन्याची नाणी सापडली आहेत, शेगडीभोवती शेजारी जमले आहेत, आणि डेनिसच्या काडीवरचा पेटलेला मार्शमॅलो उडून थेट विल्सनकाकांच्या कपाळावर जाऊन बसतो. समेट होऊनही मुलगा तसूभर बदललेला नाही. पटकथेतली ही मला सर्वांत आवडलेली गोष्ट आहे, कारण इथे चित्रपट पुन्हा चौकटीकडे परततो. डेनिसच्या लेखी काही घडलेलेच नाही. विल्सनकाका हे त्याचे सर्वांत जवळचे मित्र होते, आहेत, आणि आपला त्यांना त्रास होतो ही बातमी त्याच्यापर्यंत अजून पोहोचलेली नाही.

भाऊ आता बंगळूरला असतो. गणपतीत त्याचा फोन आला तेव्हा मी त्याला गुलाबांची आठवण करून दिली, आणि तो गोंधळला. पट्ट्या सोडल्याचे त्याला आठवत नव्हते, माळा आठवत नव्हता, शिराही नाही. “नाना माझ्यावर कधी ओरडलेत?” तो म्हणाला. “उलट त्यांनी मला डोळे भरायला शिकवलं गं, ताई. मी इथं गच्चीत अजून करतो.” त्याच्या आवाजात एवढी खात्री होती, की मी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी आरतीनंतर मी ते नानांना जसेच्या तसे सांगितले. त्यांनी प्रसादाची वाटी खाली ठेवली, मुलगा गच्चीत माती कुठली वापरतो ते विचारून घेतले, आणि मग म्हणाले, “पाच होते म्हणावं त्याला. पाचही गेले.”